‘डॉली घे, काही होत नाही’

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा नुकताच पदवी संपवलेला विद्यार्थी असतो, किंवा दुसऱ्या राज्यात नोकरी लागलेलं एखादं तरुण जोडपं. “सामानासाठी ट्रक भाड्याने घेतोय. गाडी ट्रकमागे लावून न्यायची आहे. डॉली घेऊ की ट्रेलर?” दहा मिनिटांत सहा-सात उत्तरं येतात आणि सगळ्यांचा सूर एकच असतो. “डॉली घे. स्वस्त पडते. काही होत नाही.” कुणीतरी अंगठ्याचा इमोजी टाकतं, विचारणारा “थँक्यू दादा” म्हणतो आणि विषय संपतो.

मी हा लेख त्या उत्तराविरुद्ध लिहिते आहे. डॉलीविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. योग्य गाडीसाठी ते चांगलं साधन आहे. माझा राग आहे तो गाडी कोणती हे न विचारता दिलेल्या सल्ल्यावर, आणि ‘काही होत नाही’ या तीन शब्दांवर. हे तीन शब्द मीही ऐकले आणि मानले. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगते, म्हणजे मी वाद घालायला का बसले आहे ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी पीएचडी संपवून मी आणि माझा नवरा इंडियानातल्या लाफायेतहून कोलोरॅडोतल्या बोल्डरला निघालो. अंतर सुमारे ११०० मैल. सोबत सोळा फुटी ट्रक, त्यात पुस्तकं, गाद्या आणि सहा वर्षांचा संसार. गाडी म्हणजे एक सेकंडहँड छोटी एसयूव्ही, ऑल-व्हील ड्राइव्ह. इंडियानातल्या बर्फासाठी मुद्दाम तशी घेतलेली. बुकिंग करताना गाडीचं मॉडेल विचारलं गेलं. त्याच मॉडेलचा फ्रंट-व्हील ड्राइव्ह प्रकारही मिळत असे. तो निवडला तर डॉली मिळत होती. खरं उत्तर दिलं तर चारही चाकं वर घेणारा ट्रेलर घ्यावा लागत होता. दोन्हींच्या भाड्यात फरक १३० डॉलरचा.

मी आमच्या मंडळातल्या एका काकांना फोन केला. पंचवीस-तीस वर्षं इथे राहिलेले, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारे. ते म्हणाले, “अगं, आम्ही ओहायोहून टेक्सासला डॉलीवरच नेली होती गाडी. काही होत नाही. आणि तिथे खाली वाकून बघतंय कोण?” मी फ्रंट-व्हील ड्राइव्हवर टिचकी मारली. काउंटरवरच्या मुलाने माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. खोटं मी बोलले होते.

कॅन्ससमध्ये सलायना मागे पडल्यावर एक मोठा ट्रक बराच वेळ दिवे मारत मागून येत राहिला. शेवटी शेजारी येऊन चालकाने हाताने मागे बोट दाखवलं. आम्ही कडेला थांबलो. जळक्या तेलाचा वास येत होता. मागच्या अ‍ॅक्सलजवळ तेल ठिबकत होतं आणि तिथे हात नेववत नव्हता इतकी ती जागा तापली होती. पुढचे पाच तास आम्ही जुलैच्या उन्हात, धडधडत जाणाऱ्या ट्रकांच्या शेजारी, सपाट बेडच्या गाडीची वाट बघत काढले. हेजमधल्या मेकॅनिकने २,९०० डॉलरचा आकडा सांगितला. गाडी तिथेच सोडून आम्ही पुढे गेलो आणि तीन आठवड्यांनी मी बस पकडून ती आणायला परत आले. पोस्टडॉकच्या पगारात २,९०० डॉलर म्हणजे काय, हे इथल्या अनेक वाचकांना सांगायला नको. मेकॅनिकने बिल देताना एवढंच विचारलं, “पुस्तक वाचलं होतं का?” गाडीचं मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं, विकत घेतली तेव्हापासूनच्या प्लास्टिकच्या पिशवीत.

आता मुद्द्यावर येते. काका खोटं बोलत होते का? नाही. त्यांची गाडी नव्वदच्या दशकातली कोरोला होती. फ्रंट-व्हील ड्राइव्ह, हलकी. अशा गाडीची पुढची चाकं डॉलीवर चढवली की इंजिनाची ताकद घेणारी चाकं हवेत राहतात आणि मागची चाकं हातगाडीच्या चाकांसारखी नुसती फिरतात. गिअरबॉक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. काकांचा अनुभव शंभर टक्के खरा होता, फक्त तो माझ्या गाडीचा नव्हता. आपल्या समाजात सल्ला असाच फिरतो. एकाच्या गाडीचं सत्य दुसऱ्याच्या गाडीवर लावलं जातं. आणि मी, जिने सहा वर्षं दुसऱ्यांच्या शोधनिबंधात ‘एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढला आहे’ असे शेरे मारले, तिने एका फोनवरून निष्कर्ष काढला.

मला वाटतं, याच्या मुळाशी आपल्या डोक्यात बसलेलं ‘टोचन’ आहे. पुण्यात किंवा साताऱ्यात गाडी बंद पडली की दोर नाहीतर लोखंडी रॉड बांधून दुसऱ्या गाडीने ती ओढत गॅरेजला नेलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लहानपणी मी बाबांच्या शेजारी अशा ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसलेही आहे. त्यातून आपल्याला वाटतं की गाडीमागे गाडी ओढणं म्हणजे काय, चाकं फिरली की झालं. पण टोचन आठवून बघा. अंतर चार-पाच किलोमीटर. वेग वीसच्या आसपास. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागच्या गाडीत स्टिअरिंगवर माणूस बसलेला असतो. वळण तो घेतो, ब्रेक तो मारतो, काही जळल्याचा वास आला तर हॉर्न तो वाजवतो.

आंतरराज्य महामार्गावर तुमच्या मागच्या गाडीत कुणी नसतं. ती तुम्हाला ट्रकच्या आरशात धड दिसतही नाही. तासाला ५५ मैल वेगाने ११०० मैल म्हणजे सलग वीस तास ती फिरणार. त्या रिकाम्या खुर्चीतल्या माणसाचं काम कुणीतरी करायला हवं, आणि ते काम साधन करतं. म्हणून साधनाची निवड भाड्याच्या फरकावर सोडता येत नाही.

साधनं मुख्यतः तीन. पहिलं, डॉली. दोन चाकांचा छोटा गाडा. त्यावर गाडीची पुढची दोन चाकं पट्ट्यांनी आवळतात, मागची दोन रस्त्यावर फिरतात. दुसरं, कार ट्रेलर. यावर चारही चाकं वर असतात. तिसरं, टो बार. यात गाडी चारही चाकांवर रस्त्यावरूनच मागे येते. मोटरहोमवाले निवृत्त लोक हे वापरतात. त्यासाठी गाडीच्या पुढच्या बाजूला कायमची बेस प्लेट बसवावी लागते, दिव्यांचं वायरिंग करावं लागतं, मागच्या गाडीचा ब्रेक दाबणारं वेगळं उपकरण लावावं लागतं. एकदाच घर हलवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. तेव्हा आपला प्रश्न डॉली आणि ट्रेलर यांच्यातला.

त्याचं उत्तर गाडीच्या पोटात असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप साधारणपणे इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर आतले भाग तेलाविना एकमेकांवर घासतात. म्हणून नियम सरळ आहे. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती रस्त्यावर फिरता कामा नयेत. फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढची चाकं डॉलीवर, काम झालं. रिअर-व्हील ड्राइव्ह असेल तर डॉलीवर नेण्यासाठी ड्राइव्हशाफ्ट सोडवून घ्यावा लागतो. ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकांना ताकद मिळते. पुढची दोन बांधलेली आणि मागची दोन फिरताहेत, अशा स्थितीत त्यांना जोडणारा कपलिंगचा भाग मैलोनमैल दोन्हीकडून पिळला जातो. माझं तेच झालं.

“पण गाडीचं नाव सांगितलं की कळतंच की.” नाही कळत. आपल्या मंडळींच्या अंगणातल्या गाड्या घ्या. कोरोला, सिव्हिक बहुतेक फ्रंट-व्हील ड्राइव्ह. पण कॅमरी २०२० पासून अमेरिकेत ऑल-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. सीआर-व्ही आणि रॅव्हफोर दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि बाहेरून बघून फरक ओळखायचा तर मागच्या दारावरचं एखादं छोटं अक्षर शोधावं लागतं. अमेरिकेत विकली जाणारी सुबारू बहुतेक ऑल-व्हील ड्राइव्हच असते, पण बीआरझेडसारखे अपवाद आहेत. टेस्लाची तर एकही चाक जमिनीवर ठेवून ओढायला कंपनीची मनाई आहे, कारण चाक फिरलं की मोटर फिरते आणि वीज तयार होऊन नुकसान होतं. नाव आणि गाव एक असूनही वर्षागणिक उत्तर बदलतं. २०१४ पर्यंतची सीआर-व्ही ठरावीक पद्धत पाळून चारही चाकांवर ओढायला मॅन्युअल परवानगी देत असे. २०१५ साली त्या गाडीत सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि परवानगी गेली. आता सांगा, “आमच्या सीआर-व्हीला काही झालं नाही” या वाक्याचा २०१९ ची सीआर-व्ही असलेल्या मुलाला काय उपयोग?

हे सगळं मॅन्युअलमध्ये असतं. ‘टोइंग’ नावाचं पान उघडा. दोन परिच्छेदांचं असतं. पुस्तक हरवलं असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते काकांच्या फोनपेक्षा लवकर होतं.

मॅन्युअलने डॉलीला हो म्हटलं तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा, कारण त्या आपल्या चर्चेत कधी येत नाहीत. एक, हँडब्रेक. डॉलीवर मागची चाकं फिरायची असतात, म्हणून हँडब्रेक सोडलेला हवा. ट्रेलरवर उलट, गाडी पार्कमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. आजकालच्या अनेक गाड्यांत हँडब्रेक म्हणजे एक बटण असतं आणि गाडी पार्कमध्ये टाकली किंवा बंद केली की तो आपोआप लागतो. तुम्हाला वाटतं सोडलाय, गाडीला वाटतं लावलाय, आणि मागचे टायर फरफटत जातात. म्हणून निघण्याआधी दहा-वीस फूट पुढे घेऊन, खाली उतरून, मागची चाकं खरंच फिरताहेत का ते डोळ्यांनी बघायचं. दोन, डॉली मागे घेता येत नाही. ती एकदा ट्रकच्या जोडाजवळ वळते आणि दुसऱ्यांदा गाडीखाली. रिव्हर्स टाकला की काही फुटांत सगळं घडी पडल्यासारखं दुमडतं. रात्री अकरा वाजता मोटेलच्या बंद टोकाच्या पार्किंगमध्ये शिरलात तर गाडी उतरवून, डॉली सोडवून, हाताने फिरवूनच बाहेर पडावं लागेल. आमची पहिली रात्र मिझुरीत अशीच गेली. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

ट्रेलर म्हणजे सगळं सोपं, असंही नाही. भाड्याचा कार ट्रेलर रिकामाच दोन हजार पौंडांच्या वर असतो. त्यावर साडेतीन हजार पौंडांची गाडी चढवली की तुमच्या ट्रकमागे साडेपाच हजार पौंडांहून जास्त वजन लागतं. पण त्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. ट्रक हळू झाला की ट्रेलर पुढे रेटला जातो, त्या रेट्यानेच जोडातला दट्ट्या दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. टोचनमधल्या त्या मागच्या माणसाचं काम इथे हा दट्ट्या करतो. डॉलीला असे ब्रेक असतातच असं नाही. भाड्याने घेताना हा प्रश्न तोंडाने विचारा.

ट्रेलरवर गाडी नेहमी तोंड पुढे करूनच चढवायची. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा, आणि इंजिन पुढे असलेल्या गाडीत वजन पुढच्या बाजूला जास्त असतं. गाडी उलटी चढवली तर जोडावरचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डोलायला लागतो. कॅन्ससच्या मोकळ्या माळावर आडवा वारा असतो तेव्हा हे डोलणं सुरू झालं की घाबरून ब्रेक मारावासा वाटतो. मारू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. जोडाखालच्या दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून घ्या, म्हणजे जोड निसटला तरी ट्रेलरचा दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. पट्टे पहिल्या काही मैलांनंतर सैल होतात, थांबून पुन्हा ताणा. आणि ५५ चा वेग पाळा. पश्चिम कॅन्ससमध्ये आय-७० वर मर्यादा ७५ ची आहे, मागचे लोक वैतागतील, वैतागू द्या. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ ची मर्यादा कायद्यानेच आहे. ब्रिटनमधल्या वाचकांनी एवढंच लक्षात घ्यावं की तिथे डॉलीकडे बंद पडलेली गाडी सुरक्षित जागी नेण्याचं साधन म्हणून पाहिलं जातं, घर हलवण्याचं म्हणून नाही. अमेरिकेतल्या भावाचा सल्ला तिथे लावू नका.

आता आक्षेप घेऊ या. पहिला आणि खरा आक्षेप पैशाचा. “१३० डॉलर तुला थोडे वाटत असतील.” थोडे नाहीत. पोस्टडॉकला, विद्यार्थ्याला, नव्याने व्हिसावर आलेल्या माणसाला ते मोठे आहेत. २०१८ पासून घर हलवण्याच्या खर्चावरची केंद्रीय करसवलत सैन्यातल्यांखेरीज जवळपास सगळ्यांची गेली. विद्यापीठाने खर्च दिलाच तर तोही उत्पन्नात धरून त्यावर कर कापला जातो. ही तक्रार रास्त आहे आणि ती प्राध्यापकाकडे, विभागाकडे, नोकरी स्वीकारतानाच्या पत्रव्यवहारात मांडायला हवी. ‘मला हलवण्याचा खर्च मिळेल का’ हे विचारायला आपण लाजतो आणि मग ती लाज गिअरबॉक्सवर काढतो. खर्च मिळालाच नाही तर इतर वाटा आहेत. एकाने ट्रक चालवावा, दुसऱ्याने गाडी चालवत मागून यावं. पेट्रोल लागेल, पण गाडी शाबूत राहील. वाहतूक कंपनीकडून गाडी पाठवण्याचा भाव विचारून बघावा. आणि गाडी जुनी असेल तर ती विकून तिकडे दुसरी घेणं यात कसलाही कमीपणा नाही. आपल्याला पहिल्या गाडीची फार माया असते, मला होती, पण मायेने अ‍ॅक्सल थंड राहत नाही.

दुसरा आक्षेप असा, की विमा आहे ना. घरच्या गाडीचा विमा आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण सामान हलवण्याच्या ट्रकला अनेकदा लागूच होत नाही. आणि अर्जात खोटं लिहून घेतलेल्या साधनावर झालेल्या नुकसानीसाठी कुणापुढे हात पसरणार? मी कुणालाही फोन केला नाही. सांगणार काय होते?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त चिडवतो. “इतके लोक नेतात, कुणाचं काही झालं नाही.” ज्यांचं झालं ते ग्रुपवर लिहीत नाहीत. मीही लिहिलं नव्हतं. बोल्डरला पोचल्यावर काकांनी विचारलं, “पोचलात ना नीट?” मी “हो काका, नीट” म्हटलं. म्हणजे त्यांच्या हिशेबात आणखी एक यशस्वी डॉली जमा झाली, आणि माझ्या त्या एका लाजऱ्या खोटेपणावर पुढच्या कुणा मुलाला तोच सल्ला मिळाला असेल. हे मला आजही टोचतं. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला जे ठिबकत होतं त्याला आग लागली असती, किंवा तापलेला भाग अडकून चाक जॅम झालं असतं, तर मागून येणारा तो ट्रकवाला, ज्याने आम्हाला थांबवलं, तोच आधी सापडला असता. पैसे माझे गेले. जीव दुसऱ्याचा गेला असता.

गेल्या महिन्यात मी काकांना खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं, तेव्हा गाडी कोणती आहे हे मी विचारलंच नाही.” तेवढंच करायचं आहे. या उन्हाळ्यात तुमच्या ग्रुपवर तो प्रश्न येईल. उत्तर देण्याआधी उलट विचारा. गाडी कोणती, कुठल्या वर्षाची, ताकद कुठल्या चाकांना, मॅन्युअलमध्ये टोइंगच्या पानावर काय लिहिलंय. आणि तुमच्या गाडीचं कधी काही बिघडलं असेल, तर तेही लिहा, नावानिशी.